पाहुणा आणि प्रेक्षक

दुसऱ्याच्या घरचें लग्न आपण पाहावयास जात नाहीं; आपण लग्नास जातों. भाषेनें केलेला हा भेद लहान दिसतो, पण त्याच्या पोटीं एक मोठा नीतिप्रश्न दडलेला आहे. लग्नास जाणारा मनुष्य आहेर नेतो, अक्षता टाकतो, पंक्तीस बसतो, वाढप्यांची उणीव पडली तर कंबर कसून वाढावयासही उठतो. आणि त्या घरीं कांहीं अमंगल घडलें तर त्याच्याही घशाखालीं त्या रात्रीं घास उतरत नाहीं. उलट नुसतें पाहावयास जाणारा मनुष्य डोळे घेऊन जातो आणि डोळे भरून परत येतो. देणें-घेणें कांहीं नाहीं. हल्लीं उत्सव पाहावयास जाणाऱ्यांची संख्या जगांत अतोनात वाढली आहे. तेव्हां विचारी मनुष्यासमोर प्रश्न असा उभा राहतो कीं, ज्या उत्सवांत आपला देव नाहीं, आपला नवस नाहीं, आपले पूर्वज नाहींत, आणि ज्या कष्टांतून तो उत्सव जन्मला त्या कष्टांचा वांटाही आपण कधीं उचललेला नाहीं, अशा उत्सवास जाण्याचा आपणांस अधिकार काय, आणि गेल्यास तेथें आपलें कर्तव्य काय?

या प्रश्नाचा विचार करितांना आम्ही प्रथम मुद्दामच दूरचें उदाहरण घेतों. कारण घरचें उदाहरण घेतलें कीं विचारांत अभिमान शिरतो, आणि अभिमान आंत आला कीं विचार बाहेर पडतो. दक्षिण अमेरिकेंत बोलिव्हिया देशाच्या उंच पठारावर ओरुरो नांवाचें एक शहर आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ३,७०० मीटर; म्हणजे आपल्या महाराष्ट्राचें सर्वोच्च शिखर जें कळसूबाई, त्याच्या १,६४६ मीटरांच्या दुपटीहूनही अधिक. तेथील हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या दोन तृतीयांशाहून थोडा कमीच भरतो. आमच्यासारखा कोंकणच्या किनाऱ्यावर वाढलेला मनुष्य तेथें चार पायऱ्या चढला तरी त्यास धाप लागावी. अशा जागीं शहर वसलें तें हवापाण्याच्या सुखासाठीं खचित नव्हे. १६०६ सालीं स्पेनच्या अंमलदारांनीं तें वसविलें तें डोंगराच्या पोटांतील रुप्यासाठीं. पुढें रुपें ओसरलें तेव्हां कथिलानें त्या शहराचें नांव पुन्हां जगाच्या बाजारांत नेलें. धन वर आलें आणि दूर गेलें. खालीं राहिला तो अंधार, आणि खाणकऱ्यांच्या छातींत सांठलेली दगडाची धूळ.

अशा या रुक्ष नगरींत दरवर्षीं, ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या व्रतकालापूर्वीं, एक कार्निव्हल भरतो. सुमारें पन्नास मंडळ्यांतून २८,००० हून अधिक नर्तक आणि १०,००० वादक एकत्र येतात आणि चार किलोमीटरांचा मार्ग क्रमीत वीस वीस तास मिरवणूक चालते. जेथें उभें राहून बोलतांना दम लागतो तेथें हे लोक जड मुखवटे आणि भरजरी पोशाख घालून रात्रंदिवस नाचतात. त्यांतील मुख्य नृत्य सैतानांचें. त्यास दियाब्लादा म्हणतात. शिंगांचे, बटबटीत डोळ्यांचे, दांत विचकलेले सैतान थव्यांनीं नाचत येतात आणि त्यांच्यापुढें तलवार घेतलेला देवदूत मायकेल चालतो. २००१ सालीं युनेस्कोनें या उत्सवास मानवजातीचा थोर वारसा म्हणून घोषित केलें आणि २००८ सालीं आपल्या यादींत त्याचा समावेश केला. तेव्हांपासून त्याची कीर्ति दिगंत झाली, आणि कीर्तीमागून प्रेक्षक आले.

प्रेक्षकास दिसतें तें इतकेंच. परंतु मिरवणूक कोठें संपते तें पाहिल्यावांचून तिचा अर्थ लागत नाहीं. ती संपते सोकावोनच्या मातेच्या मंदिरांत. सोकावोन म्हणजे खाणीचें भुयार. ती माता भुयाराची माता होय. दिवसभर सैतान म्हणून नाचलेला मनुष्य तेथें पोंचतांच मुखवटा उतरवितो आणि गुडघ्यांवर सरकत देवीच्या पायांशीं जातो. पुष्कळांनीं तीन वर्षें नाचण्याचा नवस केलेला असतो. तो नवस ते फेडीत असतात. या मंदिराच्या खालींच खाणीचें जुनें भुयार आहे. वर माता, आणि खालीं अंधारांत दुसराच धनी. खाणींत ठिकठिकाणीं मातीची एक शिंगवाली मूर्ति बसविलेली असते. खाणकरी तिला कोकाचीं पानें वाहतात, तिच्या तोंडांत विडी पेटवून ठेवतात, तिच्यापुढें दारू ओततात. तो खनिजाचा स्वामी. त्याची मर्जी असेल तर शीर सांपडेल, नाहीं तर छत कोसळेल. आणि या भयंकर दैवतास ते हांक मारतात ‘तीयो’, म्हणजे काका.

हें वाचून आमच्यांतील सुशिक्षित मनुष्य कौतुकानें हंसेल. पण त्यानें क्षणभर आपल्या घरांत डोकावून पाहावें. आपल्या पूर्वजांनीं पटकीच्या सांथीस मरीआई म्हटलें, रानांतल्या वाघास वाघोबा म्हटलें, आणि देवीच्या रोगास देवीच म्हटलें. जें आपणांस खाऊं शकतें त्याच्याशीं नातें जोडणें हा दुबळ्याचा भ्याडपणा नव्हे. तें त्याचें राजकारण आहे. परका मारतो तेव्हां दाद मागावयास जागा नसते. काका किंवा आई कोपली तर तिच्यापुढें गाऱ्हाणें तरी घालतां येतें. ओरुरोचा सैतान समजण्यासाठीं बोलिव्हियाचा इतिहास ठाऊक असावा हें खरेंच; स्पॅनिश राज्यकर्त्यांनीं सतराव्या शतकांत उरू लोकांच्या ‘इतो’ नामक उत्सवास बंदी केली आणि जुने देव ख्रिस्ती संतांच्या आडोशास जाऊन बसले, हेंही ठाऊक असावें. पण तो उमजण्यासाठीं आपल्या आजीची आठवण पुरेशी आहे.

आतां घराकडे वळावयास हरकत नाहीं. आमच्या मालगुंडाच्या परिसरांत, किंबहुना साऱ्या रत्नागिरी जिल्ह्यांत, फाल्गुनांत शिमगा येतो. आंब्याच्या फांद्यांवर कैऱ्या धरूं लागलेल्या असतात, ऊन तापूं लागलेलें असतें, आणि अशा वेळीं ग्रामदेवतेचीं रुपीं पालखींत लागतात. होळीसाठीं झाड तोडून तें खांद्यांवरून नाचवीत आणतात, होम होतो, पालखी सहाणेवर बसते, मग ढोल-ताशांच्या गजरांत ती घरोघर निघते. एरवीं माणसें देवळांत जातात. या दिवसांत देवच माणसांच्या दारीं येतो. घरची सुवासिनी ओटी भरते, नारळ ठेवते, आणि गुरव किंवा मानकरी त्या घराच्या वतीनें गाऱ्हाणें घालतो: मुंबईस गेलेल्या मुलाला यश दे, अडलेल्या सुनेची सुटका कर, दर्यांत गेलेल्याला सुखरूप आण. याच दिवसांत खेळे येतात. त्यांच्याबरोबर काळ्या वेषांतला, उंच टोपीचा, पांढऱ्या दाढीचा संकासुर येतो. पोरें त्याला पाहून आईच्या मागें दडतात. आणि तीच आई पुढें होऊन त्याला हात जोडते. नांवानें असुर, आणि नमस्कार मात्र देवाचा! ओरुरोच्या दियाब्लादांतील सैतान मातेपुढें गुडघे टेकतो आणि आमच्या अंगणांतला असुर गृहिणीचा नमस्कार घेतो; दोन्ही ठिकाणीं जनमनानें एकच गोष्ट ओळखलेली आहे कीं भयाला घराबाहेर हांकून देतां येत नाहीं, त्याला वर्षांतून एकदां अंगणांत बोलावून नाचवावें लागतें.

एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे पहिला सिद्धांत हातीं येतो. लोकोत्सव हा मुळांत देखावा नव्हे. तो व्यवहार आहे. भय आणि अभय, नवस आणि फेड, ऋण आणि मुक्ति यांचा तो वार्षिक हिशेब होय. त्यांत सौंदर्य असतें, पण तें गहाणखतावरील सुरेख अक्षरासारखें. अक्षर वळणदार आहे म्हणून कागद हातीं घेऊन वाहवा करणारा, पण कोणी कोणाचें किती देणें आहे हें न वाचणारा मनुष्य रसिक खरा. तथापि त्याला वाचक म्हणवत नाहीं.

इंग्रजी विद्या शिकलेल्या आमच्या वर्गानें या उत्सवांकडे दोन वेळां पाहिलें, आणि दोन्ही वेळां तें दुरूनच. एकोणिसाव्या शतकांतील सुधारकांस शिमगा म्हणजे बीभत्सपणाचा कळस वाटे. ती बोंब, ते शिव्याशाप, तें चिखल-राखेचें खेळणें बंद व्हावें असें त्यांनीं तळमळीनें लिहिलें. त्यांच्या टीकेंत तथ्य नव्हतें असें मुळींच नाहीं. रस्त्यानें जाणाऱ्या बायकांस त्या दिवसांत जो त्रास होई तो कोणाही सभ्य मनुष्यास असह्य व्हावा असाच होता. पुढें काळ पालटला. त्याच वर्गाचीं नातवंडें आतां ‘लोककला’ या नांवाखालीं त्याच शिमग्याचें कौतुक करितात आणि पालखी अंगणांत आली कीं हात जोडण्याऐवजीं छायाचित्राचें यंत्र वर करितात. ओरुरोंतही हेंच घडलें. सैतानांचें नृत्य प्रथम कारागीर, खाटीक, खाणकरी अशा लोकांचें होतें; त्यांची पहिली मंडळी १९०४ सालीं रीतसर स्थापन झाली. शहरांतील प्रतिष्ठित लोक त्या काळीं तें हलकें मानीत; १९४० नंतर हळूहळू तेच लोक त्यांत नाचूं लागले, आणि आज तोच त्यांच्या शहराचा अभिमानविषय आहे. आजोबांनीं नाक मुरडलें, नातवानें मान डोलविली. परंतु दोघांमध्यें आणि नाचणाऱ्यामध्यें अंतर जेवढें होतें तेवढेंच राहिलें असेल तर मान डोलविण्यांत नाक मुरडण्याहून अधिक पुण्य तें कोणतें? तिरस्कार निदान उत्सव खरा आहे असें मानीत होता; खऱ्या गोष्टीचाच तिरस्कार होतो. कौतुक कधीं कधीं त्याला खेळणें समजतें.

यावर कोणी म्हणेल कीं हें फार झालें. प्रेक्षक आल्यानें कोणाचें काय बिघडतें? तो पैसा खर्च करितो. खाणावळवाला, गाडीवाला, मुखवटे करणारा कारागीर यांच्या पोटाची सोय होते. आणि ज्या गरिबांस कोणी विचारीत नव्हतें त्यांस आपली कला मोलाची आहे असें प्रथमच वाटूं लागतें. हा आक्षेप पोकळ नाहीं. गणपतिपुळ्यास येणाऱ्या यात्रेकरूंवर आमच्या शेजारपाजारच्या किती कुटुंबांचा चरितार्थ चालतो हें आम्ही रोज पाहतों. परक्यांनीं येऊंच नये असें म्हणणें हें पोट भरलेल्या मनुष्याचें तत्त्वज्ञान होईल. परंतु पैसा हा येण्याचा मोबदला आहे. पाहण्याचा परवाना नव्हे. जेवणाचे पैसे दिले म्हणून जेवण करणाऱ्या बाईच्या अश्रूंकडे टक लावून बघण्याचा हक्क प्राप्त होत नाहीं. शिवाय पैशाचें एक अंगभूत वळण आहे: तो जिकडून येतो तिकडे उत्सवाचें तोंड फिरवितो. गोव्यांत हें उघड दिसतें. खेड्यापाड्यांतला शिगमो अजून देवळाच्या मांडावर देवाकडे तोंड करून नाचतो. पणजीच्या रस्त्यावरील चित्ररथांचा शिगमो परीक्षकांच्या आणि पाहुण्यांच्या आसनांकडे तोंड करून जातो. दोन्हीं ठिकाणीं ढोल तोच. आणि पणजीचा तो थाट पाहणाऱ्या किती प्रवाशांस ठाऊक असतें कीं थोड्याच कोसांवर डिचोली-सांग्याच्या बाजूस लोखंडाच्या खाणी आहेत, कीं २०१२ सालीं त्या खाणी थांबल्या तेव्हां तेथील कित्येक घरांच्या चुली मंदावल्या, आणि खाणी चालू होत्या तेव्हां तेथील शेतांत लाल चिखल उतरत होता?

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूनें येतो आणि तो अधिक कपटी आहे. कारण तो प्रेमाचें रूप घेऊन येतो. शुद्धतेचा अभिमानी मनुष्य म्हणतो: आतां खरा उत्सव उरलाच कोठें? नाचणारे खाणकरी नाहींत, ते वकील आणि विद्यार्थी आहेत. पालखी नाचविणारे शेतकरी नाहींत, ते मुंबईहून चार दिवसांच्या रजेवर आलेले चाकरमानी आहेत. मुखवटे पूर्वींसारखे नाहींत. ढोलांत पूर्वींचा नाद नाहीं. जुनें जसें होतें तसें जपा, नाहीं तर तें मेलें असें समजा. या बोलण्यावर आमचे पुष्कळ मित्र माना डोलवितात. आम्हांस मात्र त्यांत निर्दयपणा दिसतो, आणि तो कसा हें थोडें विस्तारानें सांगणें प्राप्त आहे.

बोलिव्हियाच्या मोठ्या खाणी १९५२ च्या क्रांतीनंतर राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. खाणकरी हा त्या देशांतील सर्वांत संघटित आणि मानी कामगार होता. १९८५ सालीं जगाच्या बाजारांत कथिलाचा भाव कोसळला. त्याच वर्षीं तेथील सरकारनें अर्थव्यवस्थेची नवी घडी बसविणारा हुकूम काढला, आणि पाहतां पाहतां सरकारी खाणींतील वीस हजारांहून अधिक माणसें कामावरून गेलीं. कुटुंबेंच्या कुटुंबें डोंगर सोडून दुसऱ्या शहरांच्या कडेला जाऊन राहिलीं. आपल्याकडे याच्या तीन वर्षें आधीं, १८ जानेवारी १९८२ रोजीं, मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले, आणि त्यांतले कित्येक पुन्हां कधीं गिरणींत गेलेच नाहींत. त्या कामगारांत कोंकणी माणूस किती होता हें रत्नागिरी जिल्ह्यांत कोणास सांगावयास नको. ज्या घरीं मनिऑर्डर येणें थांबलें त्या घरांनीं तें सांगितलें आहे. एकाच दशकांत पृथ्वीच्या दोन टोकांस दोन श्रमिक समाजांच्या पायांखालची भुई सरकली. एकाची खाण गेली, दुसऱ्याची गिरणी गेली. आणि आश्चर्य असें कीं दोहोंचाही उत्सव गेला नाहीं. ओरुरो सोडून गेलेलीं माणसें कार्निव्हलास परत येऊं लागलीं. गिरणीचा भोंगा थांबला तरी शिमग्याच्या गाड्या भरून वाहतच राहिल्या.

आतां त्या शुद्धताभिमान्यास विचारूं या कीं, त्याला जपावयाचें आहे तें नक्की काय? खाणकरी असावा तर भुयार असलें पाहिजे, भुयार असावें तर त्याचें छत कोसळावयाचें भय असलें पाहिजे, तीस-पस्तीस वर्षांच्या वयांत फुप्फुसें दगड झालेला बाप असला पाहिजे. मगच त्याचा मुलगा ‘खऱ्या’ भावनेनें सैतान नाचणार! पटकीची लस निघाली म्हणून मरीआईचा गाडा फिका पडला अशी हळहळ करणारा मनुष्य आपण काय बोलतों आहों हें जाणतो काय? दुसऱ्याच्या दुःखांतून उमललेलें फूल सुंदर असतें हें खरें. पण फुलासाठीं दुःखास पाणी घालावें असें म्हणणारा रसिक आम्हांस सावकाराहून वेगळा वाटत नाहीं. सावकार निदान आपल्या मुद्दलाची काळजी करितो. हा दुसऱ्याच्या मुद्दलावर सौंदर्याचें व्याज मागतो.

मग प्रश्न उरतो: भय गेलें, खाण गेली, गिरणी गेली, तरी नाचणारा नाचतो तो कशासाठीं? आमच्या मतें याचें उत्तर ऋण या एका शब्दांत आहे. वकिलाचा मुलगा सैतानाचा मुखवटा चढवितो तेव्हां त्याला भुयाराचें भय नसतें. पण त्या भयांत ज्यांनीं दिवस काढले आणि ज्यांच्या कष्टांवर तें शहर उभें राहिलें त्यांचें देणें त्याच्या खांद्यावर असतें. हें देणें त्याला ठाऊक असेल तर त्याचें नृत्य खरें आहे; ठाऊक नसेल तर खाणकऱ्याच्या वंशांत जन्मूनही तें सोंग आहे. तसेंच चाकरमान्याचें. पालखीची दांडी खांद्यावर घेतांना त्याला जो भार लागतो तो रुप्याचा नसतो. ज्या आजीनें एकटीनें शेत राखलें, ज्या बापानें चाळींतल्या एका खोलींत दहाजणांत राहून घरीं पैसे धाडले, त्यांचा तो भार असतो. म्हणून उत्सव कोणाचा, या प्रश्नास आम्ही असें उत्तर देतों कीं, जो त्यांतील ऋण जाणतो आणि आपल्यापुरतें फेडतो त्याचा. जन्म हा त्या ऋणाचा एक मार्ग आहे. एकमेव मार्ग नव्हे.

आणि येथेंच परक्यालाही दार उघडतें. मराठींत ‘पाहुणा’ हा शब्द ‘पाहणें’ या क्रियापदाच्या इतका जवळ ऐकूं येतो कीं एकापासून दुसरा झाला असावा असा भास होतो. वस्तुतः तो संस्कृत ‘प्राघुण’ शब्दापासून आला आहे आणि त्याचा पाहण्याशीं कांहीं संबंध नाहीं. आम्हांस ही व्युत्पत्ति बोधप्रद वाटते. प्रेक्षक पाहतो, पाहुणा येतो. प्रेक्षक अंधारांत बसतो आणि उजेडांतल्यास न्याहाळतो. पाहुण्याला उजेडांत यावें लागतें आणि आपणही न्याहाळले जातों हें सोसावें लागतें. प्रेक्षकास घाई असते, कारण त्याचें तिकीट परतीचें असतें. पाहुण्यास यजमानाच्या घड्याळाप्रमाणें थांबावें लागतें. प्रेक्षकापुढें दार लागलें तर तो रागावतो. पाहुणा दाराचा मान राखतो.

याचा अर्थ असा नव्हे कीं प्रत्येक प्रवाशानें वर्षभर तेथें जाऊन राहावें. १९७० च्या सुमारास अमेरिकेंतील मानववंशशास्त्रज्ञ जून नॅश या बाई ओरुरोच्या खाणकऱ्यांमध्यें जाऊन राहिल्या, त्यांच्याबरोबर खाणींत उतरल्या, त्यांच्या बायकांशीं त्यांच्या चुलीजवळ बोलल्या, आणि १९७९ सालीं त्यांनीं त्या जीवनावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अशी निष्ठा सर्वांस साधावयाची नाहीं. पण पाहुणेपणाची पहिली पायरी फार सोपी आहे: जाण्यापूर्वीं जाणून घेणें. ओरुरोस जाण्याचा योग आम्हांस आलेला नाहीं. परंतु जेथें लोक पाहावयास येतात अशा गांवीं राहण्याचा योग मात्र आलेला आहे. १८६६ सालीं केशवसुत मालगुंडास जन्मले. कोंकण मराठी साहित्य परिषदेनें त्यांचें स्मारक येथें उभारलें आणि १९९४ सालीं कुसुमाग्रजांच्या हस्तें तें खुलें झालें. तेथें दोन प्रकारचे लोक येतात. एक, देवदर्शन आणि समुद्रस्नान यांच्यामध्यें उरलेला अर्धा तास घालवावयास. दुसरे, कवीच्या दोन-चार कविता हृदयांत घेऊन. घर तेंच, चिरे तेच, अंगण तेंच. पहिल्यांस तेथें एक जुनें घर दिसतें. दुसरे उंबऱ्याशीं येतांच न सांगतां आवाज खालीं आणतात. त्यांच्यांतले कित्येक विदर्भांतले असतात, कित्येक कर्नाटकांतले; आमच्या गांवाशीं त्यांचें नातें एवढेंच कीं त्यांनीं आमचें एक ऋण आपलें मानलें आहे. आम्ही गांवकरी त्यांना परके समजत नाहीं.

एक शेवटची शंका उरते, आणि ती टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. पाहुण्यानें नेहमीं स्तुतीच करावी काय? उत्सवांत सर्वच मंगल असतें असें नाहीं. आमच्या शिमग्यांत पालखीला पहिला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, यावरून गांवें दुभंगतात. मानपानाच्या वादांनीं कित्येक ठिकाणीं पालख्या वर्षानुवर्षें जागच्या हलत नाहींत आणि देवाचा निवाडा पोलिसांस व कचेरीस करावा लागतो. मानाच्या या उतरंडीत कोणाच्या वांट्यास पिढ्यान्‌पिढ्या नुसतें ढोल वाजविणें आलें, आणि कोणाच्या दारीं पालखी थांबतच नव्हती, हेंही आम्हांस विसरतां येत नाहीं. ओरुरोच्या कार्निव्हलांत मोरेनादा नांवाचें दुसरें प्रसिद्ध नृत्य आहे. तें आफ्रिकेंतून आणलेल्या काळ्या गुलामांच्या स्मृतीशीं जोडलें जातें. त्यांत काळे मुखवटे घालून नाचणारे बहुतेक त्या गुलामांच्या वंशांतले नसतात. एकाची यातना दुसऱ्याचा शृंगार होतो, हा प्रश्न तेथेंही आहे. अशा वेळीं प्रेक्षक दोनच गोष्टी करूं शकतो: टाळी वाजविणें किंवा नाक मुरडणें. पाहुण्यास मात्र तिसरी गोष्ट करितां येते. लग्नघरीं कोणास उपाशी ठेवल्याचें लक्षांत आलें तर जवळचा नातलग यजमानाच्या कानाशीं जाऊन तें सांगतो; चवाठ्यावर बोभाटा करीत नाहीं, पण पंक्तीस मुकाट्यानें जेवतही बसत नाहीं. दोष दाखविण्याचा अधिकार ज्ञानानें येत नाहीं, पैशानें तर नाहींच; तो भागीदारीनें येतो. ज्यानें पालखीला खांदा दिला त्यानें म्हणावें कीं हा खांदा आतां सर्वांसाठीं मोकळा करा. त्याचें ऐकतील किंवा न ऐकतील. पण तें बोलणें आंतलें असेल.

तेव्हां आमचा निर्णय थोडक्यांत असा. दुसऱ्याच्या उत्सवास जाऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. न जाण्यानें जग अधिक पवित्र होत नाहीं, फक्त अधिक अनोळखी होतें. जावें, पण जातांना एवढें जाणून जावें कीं आपण ज्यास रंग समजतों तें कोणाच्या तरी अंधाराचें उत्तर आहे. त्या अंधाराचें नांव काय, तो कोणीं सोसला, आणि आज तो कोणाच्या डोक्यावर आहे, हें विचारावें. तो अंधार सरला असेल तर आनंद मानावा. नाच बदलला म्हणून रडूं नये. तो अजून असेल तर टाळी वाजवितांना हात जरा आंवरावा. आणि देव दारीं आला असतां हातांत जें कांहीं असेल तें खालीं ठेवून प्रथम नमस्कार करावा. विश्वास नसला तरी चालेल. नमस्कार दर वेळीं देवासच असतो असें नाहीं, तो पालखी वाहून आणणाऱ्यांसही असतो.